चुका शोधणारी नजर आणि ओला कागद: चिंतेसाठी चित्रकला वापरल्याचं एक प्रकरण

चित्र काढल्याने मन शांत होतं, हे आता सर्रास सांगितलं जातं. कोणत्या रंगांनी, केवढ्या कागदावर, किती वेळ आणि दिवसाच्या कोणत्या वेळी, हे मात्र क्वचितच कोणी सांगतं. या प्रकरणात सगळा फरक तिथेच पडला. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि उपचारात झालेल्या चुका तशाच ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

सतीश, वय ४१. काम बांधकामाचे आराखडे तपासण्याचं, तेही सोळा वर्षं. दुसऱ्यांनी काढलेल्या आराखड्यांवर लाल पेनाने खुणा करायच्या: इथे माप जुळत नाही, इथे सळईचा व्यास चुकला, इथे छेद दाखवायचा राहिला. कामात वाकबगार. अडचण अशी की दिवस संपला तरी लाल पेन काही खाली ठेवलं जात नव्हतं.

नऊ महिन्यांपासून छातीत दडपण येत होतं, खांदे आखडत होते आणि पहाटे साडेतीनच्या सुमारास जाग येत होती. पाठवलेला ईमेल ते पाच-सहा वेळा पुन्हा उघडून वाचत. घरी पोचल्यावर सहकाऱ्याला फोन करून एखादा आकडा परत विचारत. आधी फॅमिली डॉक्टरांनी तपासलं. ईसीजी, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन ठीक होतं. ही पायरी गाळू नये, कारण थायरॉइडचं काम वाढलेलं असेल तर धडधड, घाम, थरथर आणि अस्वस्थता अगदी चिंतेसारखीच दिसते, आणि त्यावर रंगांचा काही इलाज चालत नाही. कॉफी दिवसाला सहा कप होती. ती दोनवर आणली आणि दुपारनंतर पूर्ण बंद केली.

जीएडी-७ या प्रश्नावलीवर त्यांचे गुण १६ आले. हिच्यात सात प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण, म्हणजे एकूण २१. मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारलेलं असतं. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम आणि १५ पासून तीव्र चिंता धरतात. जीव नकोसा होण्याचे विचार आहेत का, हे स्पष्ट शब्दांत विचारलं, ते नव्हते. डॉक्टरांनी औषधाचा पर्याय समजावून सांगितला. सतीश यांना आधी बोलण्याचे उपचार करून पाहायचे होते. ठरलं असं की दर आठवड्याला समुपदेशकाकडे सीबीटीचं (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणाऱ्या बोलण्याच्या उपचाराचं) एक सत्र, त्याला जोडून कला-उपचारकाबरोबर चाळीस मिनिटं.

नेमकी अडचण

चित्रकला सुचली ती हौसेपोटी नव्हे. नेहमीचे शिथिलीकरणाचे व्यायाम उलटत होते म्हणून सुचली. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्या म्हटलं की सतीश श्वास मोजू लागत, मग नाडी मोजू लागत, आणि तिसऱ्या मिनिटाला हृदयाचा एक ठोका चुकल्याची त्यांची खात्री होई. असं होणारे लोक कमी नसतात. लक्ष आत वळवलं की त्यांची तपासणीही आत वळते. त्यांना डोळे उघडे आणि हात गुंतलेले असतील असं काहीतरी लागतं.

पहिल्या भेटीत ते म्हणाले, "रेष मारायला सांगा, सरळ मारतो. चित्र नाही येत मला."

दुसऱ्या भेटीत कळलं की महिन्यापूर्वी त्यांनी घरी एकट्याने प्रयत्न करून पाहिला होता. सोळा बाय वीस इंचांचा कॅनव्हास, चोवीस ॲक्रिलिक रंगांचा संच, आणि समोर फोनवर डोंगर-तळ्याच्या निसर्गचित्राचा व्हिडिओ. रात्री दहाला बसले, एक वाजता उठले. तळ्यातलं प्रतिबिंब त्यांनी अकरा वेळा झाकून पुन्हा रंगवलं होतं. झोपायला गेले तेव्हा छाती नेहमीपेक्षा जास्त आवळलेली होती. त्यांनी यावरून काढलेला निष्कर्ष: "हेही मला जमत नाही."

हा प्रयत्न का फसला ते सुटं करून पाहिलं, कारण पुढची सगळी मांडणी त्यातूनच निघाली. समोर नमुना होता, म्हणजे प्रत्येक फटकारा त्याच्याशी ताडून बघता येत होता. ॲक्रिलिक काही मिनिटांत वाळतं आणि त्यावर हवे तितके थर चढतात, म्हणजे कोणतीही चूक झाकता येते. ज्याला दुरुस्तीची ओढ आहे त्याच्यासाठी हे आमिषच. कॅनव्हास मोठा होता, त्यामुळे 'झालं' म्हणायची जागा येईना. वेळेची मर्यादा नव्हती. आणि हे सगळं झोपेच्या तोंडावर, तळपत्या स्क्रीनसमोर. थोडक्यात, त्यांनी ऑफिसचं काम रंगांत करून पाहिलं होतं.

चित्र चांगलं यायला हवं ही अट मनातून काढा, असं अशा माणसाला नुसतं सांगून उपयोग होत नाही. सतीश मान डोलावत आणि मग ती अट नीट काढली की नाही हे तपासत बसत. अट काढायची तर साहित्य, आकार आणि वेळ असे निवडावे लागतात की तपासायला फारसं काही हाती लागू नये.

विचारात घेतलेले पर्याय

मंडल रंगवणं. आधीच आखलेल्या गोलाकार नक्षीत रंग भरायचे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, ८४ विद्यार्थ्यांच्या एका प्रयोगात मंडल किंवा चौकटींची नक्षी रंगवणाऱ्यांची चिंता कमी झाली होती, कोऱ्या कागदावर मनाला येईल ते रंगवणाऱ्यांची तशी झाली नव्हती. म्हणून पहिले दोन आठवडे हेच केलं. बऱ्याच जणांना ते मानवतं. सतीश यांनी सर्वांत बारीक टोकाचं पेन निवडलं, एका वर्तुळातल्या पाकळ्या मोजल्या, एक पाकळी किंचित अरुंद छापल्याचं दाखवून दिलं, आणि रंग एका जागी रेषेबाहेर गेला तेव्हा पान उलटं करून ठेवलं. आखलेली रेष त्यांच्यासाठी आधार नव्हती. ती मोजपट्टी होती. हा पर्याय सोडला.

'तुमची चिंता रंगवा' म्हणून कोरा कागद देणं. चित्रपटांत उपचार म्हटलं की हेच दाखवतात. इतकी चिंता असताना सुरुवातीलाच हे केलं तर काही जणांना ती अंगावर येते, काही जण नुसते कागदाकडे बघत बसतात. पुढे कधीतरी पाहू म्हणून बाजूला ठेवलं.

तैलरंग. वाळायला काही दिवस लागतात आणि टर्पेंटाइनच्या वासाने डोकं हलकं होतं. चक्कर आली की चिंतेचा झटकाच येतोय असं ज्याला वाटतं, त्याला हा वास देऊ नये. बाद. खडू-पेस्टल आणि माती यांचाही विचार झाला, पण दोन्ही कितीही वेळ सुधारत बसता येतात.

ओल्या कागदावर जलरंग. कागद आधी भिजवायचा आणि ओला असतानाच त्यावर रंग सोडायचा. रंग कुठवर जाईल ते अर्धं आपण ठरवतो, अर्धं पाणी ठरवतं. कागद वाळायला लागला की हात लावता येत नाही. लावला तर बिघडतं. चित्र आपोआप संपतं. धोकाही उघड होता: ज्याला अनिश्चितता सोसवत नाही त्यालाच ती हातात द्यायची. पण सतत काळजी करणाऱ्यांच्या मुळाशी बहुधा हीच गोष्ट असते. वाईट घडेल यापेक्षा काय घडेल ते माहीत नाही, हे त्यांना जास्त जाचतं. पोस्टकार्डएवढ्या कागदावर, वीस मिनिटांपुरती, कोणाचं काही बिघडणार नाही अशी अनिश्चितता समुपदेशकाच्या सत्रांना पूरकच ठरली असती. हा पर्याय ठरला.

पुराव्याबद्दल इथेच सांगितलेलं बरं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३९ प्रौढांनी ४५ मिनिटं कलाकृती केल्यावर सुमारे ७५ टक्के जणांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, उतरलं होतं, आणि आधी चित्रकला येते की नाही याने फरक पडला नव्हता. उत्साह वाढवणारी गोष्ट आहे, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. सीबीटी आणि औषधं यांच्यामागे जेवढा पुरावा आहे तेवढा चित्रकलेमागे नाही. म्हणून ती जोडीला ठेवली, मुख्य उपचाराच्या जागी नाही. हे सतीश यांनाही याच शब्दांत सांगितलं होतं.

साहित्य आणि कृती

कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड), कोल्ड प्रेस म्हणजे किंचित खरबरीत. ए४ कागदाचे चार तुकडे केले की १०५ बाय १४८ मिलिमीटरची कार्डं मिळतात. त्याहून मोठा कागद पहिले सहा आठवडे द्यायचा नाही. ब्रश दोन: २५ मिलिमीटरचा चपटा आणि १० नंबरचा गोल. पाण्याची दोन भांडी, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ. सुती फडकं, मास्किंग टेप, एक फळी, टायमर. पेन्सिल, खोडरबर, टिश्यू आणि नमुना चित्र टेबलावर नको.

रंग पहिल्या आठवड्यात एकच, अल्ट्रामरीन निळा. दुसऱ्या आठवड्यापासून जोडीला बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी. हे दोन मिसळले की शांत राखाडी मिळतो, घाण होत नाही. अननुभवी माणसाच्या हातून बारा रंगांचा चिखल होतो तो टळतो. अल्ट्रामरीनचा आणखी एक गुण कामाचा होता. त्याचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि दाणेदार पोत उमटतो. तो कोणालाच पूर्णपणे आवरता येत नाही, कसलेल्या चित्रकारालाही नाही. थॅलो निळा मुद्दाम टाळला: थेंबभरही सगळं व्यापतो आणि कागदातून निघत नाही.

एका बैठकीची कृती अशी होती.

बसल्या बसल्या ताण ० ते १० मध्ये लिहायचा. एका ओळीत भाकीत: आज काय बिघडेल, आणि त्याची किती टक्के खात्री आहे. मग कार्डाच्या चारही कडा टेपने फळीवर चिकटवायच्या, टेप कागदावर साधारण ६ मिलिमीटर चढेल अशी. चपट्या ब्रशने स्वच्छ पाणी दोनदा फिरवायचं, एकदा आडवं, एकदा उभं. फळी डोळ्यांच्या पातळीला तिरकी धरून पाहिली की सगळीकडे सारखी चकाकी दिसायला हवी. तळं साचलं असेल तर ब्रश फडक्यावर टेकवून ते टिपून घ्यायचं. चकाकी गेली असेल पण बोटांच्या पाठीला कागद गार लागत असेल, तर तो ओलसर आहे, ओला नाही. रंग पसरणार नाही, पुन्हा पाणी फिरवा.

आता गोल ब्रशने रंग टेकवायचा. घासायचा नाही. पाच-सहा ठिकाणी, मग फळी थोडी कलती करून रंग वाहू द्यायचा. दर दुसऱ्या दिवशी याऐवजी वॉश: फळीच्या वरच्या कडेखाली दोन बोटं जाडीचं पुस्तक ठेवायचं आणि चपट्या ब्रशने वरून खाली आडवे पट्टे ओढायचे. प्रत्येक पट्ट्याच्या खालच्या कडेला पाण्याचा मणी साचतो, पुढचा पट्टा तो मणी उचलून खाली आणतो. घाईत ओढलं की मणी तुटतो आणि पट्टे वेगवेगळे दिसतात. त्यामुळे हात आपसूक मंदावतो, आणि पट्टा ओढताना श्वास लांब सुटतो. श्वासाबद्दल एक अक्षरही बोलावं लागलं नाही. डोळे मिटून जे जमत नव्हतं ते इथे होऊन जात होतं.

बाराव्या मिनिटाला टायमर वाजला की ब्रश खाली. उरलेली आठ मिनिटं नुसतं बघायचं. रंग सरकताना, कडा धरताना, फिका पडताना. हात मांडीवर. शेवटी पुन्हा ताणाचा आकडा, मागे तारीख, आणि कार्ड पूर्ण वाळल्यावर खोक्यात. दुसऱ्या दिवसापर्यंत खोकं उघडायचं नाही. आठवड्यातून चार दिवस घरी, एक दिवस उपचार केंद्रात.

पहिल्या अडचणी मनाच्या नव्हत्या, कागदाच्या होत्या. केंद्रातला कागद संपला म्हणून सतीश यांनी घरी १८० जीएसएमचा वापरला. तो फुगला, खळग्यांत पाणी साचलं, डाग पडले, आणि ते पुसताना कागदाचे तंतू सुटून गोळ्या झाल्या. त्यांनी दोष स्वतःच्या माथी घेतला. चिंतेने पछाडलेल्या नवशिक्याला हलकं साहित्य देऊ नये ते यासाठी. कागदाची चूक कुठली आणि हाताची कुठली हे त्याला वेगळं करता येत नाही. दुसरी अडचण, टेप काढताना कागद फाटणं. टेप आधी कपड्यावर एकदा चिकटवून काढला की त्याची पकड कमी होते, आणि काढताना पूर्ण वाळल्यावर, सावकाश, चित्रापासून बाहेरच्या दिशेने ओढायचा.

निर्णयाचे टप्पे

चौथ्या आठवड्यातलं केंद्रातलं सत्र. निळा पसरून मंदावला होता, चकाकी उतरत होती. सतीश यांनी सिएनाचा जरा जास्तच ओला ब्रश मध्यभागी टेकवला. कागद अर्धवट वाळलेला असताना असं केलं की नवं पाणी आधीच्या रंगाचे कण बाहेर ढकलतं आणि ते कडेला जमा होतात. कातरलेल्या कडांचा डाग पडतो, त्याला फुलकोबी म्हणतात. डाग वाढू लागला. त्यांचा हात टिश्यूकडे गेला. टिश्यू नव्हता, मग रुमालाकडे गेला आणि रुमाल कागदावर बोटभर अंतरावर येऊन थांबला. भाकिताच्या रकान्यात लिहिलेलं होतं: "मध्ये डाग पडेल आणि सगळं वाया जाईल, ८० टक्के."

उपचारकापुढे दोन वाटा होत्या. हात थांबवायला सांगणं, किंवा पुसू देणं आणि त्यावर बोलणं. तिने तिसरंच विचारलं: "पुसावंसं किती वाटतंय, दहापैकी?" उत्तर आलं, नऊ. एका मिनिटाने पुन्हा विचारलं, आठ. चौथ्या मिनिटाला पाच. रुमाल खिशात गेला. वाळल्यावर डागाला गडद, दातेरी किनार आली होती. सतीश बराच वेळ बघून म्हणाले, "ही चूक आहे की नाही, हे मला ठरवता येत नाहीये." दिवसाला शंभर ठिकाणी चूक की बरोबर ठरवणाऱ्या माणसाच्या तोंडचं हे वाक्य समुपदेशकाच्या पुढच्या दोन सत्रांना पुरलं.

याच आठवड्यात जीएडी-७ चे गुण १५ होते, म्हणजे जवळपास जागच्या जागी. औषधाचा प्रश्न पुन्हा उघडला. डॉक्टरांशी बोलून ठरलं की आठव्या आठवड्यापर्यंत थांबायचं आणि गुण ११ च्या वर राहिले तर औषध सुरू करायचं. आकडा लिहून ठेवला.

पाचव्या आठवड्यात सतीश यांनी एक्सेलचा तक्ता आणला. प्रत्येक कार्डाला 'रंगसंगती', 'समतोल' आणि 'स्वच्छता' यांचे गुण! बंदी घातली असती तर त्यांनी तो लपवून ठेवला असता. तक्ता ठेवला, रकाने बदलले: पुसावंसं वाटण्याची सर्वांत वरची तीव्रता, ती अर्ध्यावर यायला लागलेली मिनिटं, आणि भाकीत खरं ठरलं का. तपासायची सवय तशीच, तपासायची वस्तू बदलली. हा निर्णय बरोबर होता असं मागे वळून पाहताना वाटतं.

सहाव्या आठवड्यात खरा घोळ समुपदेशकाच्या लक्षात आला. सतीश यांनी एका ठेकेदाराला करायचा अवघड फोन तीनदा पुढे ढकलला होता, आणि तिन्ही वेळा 'आधी जरा रंगवून शांत होतो' म्हणून. रंगवून शांत वाटायचं, फोन राहायचा, आणि फोनची भीती तेवढी घट्ट व्हायची. दारूने किंवा गोळीने टाळाटाळ केली तर ती सगळ्यांना दिसते. चित्र काढून केली तर घरचे कौतुक करतात. नियम केला: आधी पाठवा, मग रंगवा. बैठक संध्याकाळी सातला, ठरलेल्या वेळीच. धास्ती वाटणाऱ्या कामाच्या आधीच्या तासात ब्रशला हात नाही. पहिले चार दिवस हा नियम त्यांना जाचला आणि ताणाचे आकडे वर गेले. ते अपेक्षित होतं.

सातव्या आठवड्यात कौतुकाने गोंधळ केला. पत्नीने खोक्यातली दोन कार्डं फ्रेम करून लावली, आणि घरी आलेल्या एका मित्राने तशीच एक मोठी करून मागितली. त्या मोठ्या चित्रावर सतीश अडीच तास बसले. टायमर बंद. तीन कागद फाडले. टीकेने जे होतं तेच स्तुतीनेही होतं: बघणारा आला की चित्राची परीक्षा होते. घरच्यांना बोलावून एक साधी गोष्ट सांगितली. 'छान झालंय' म्हणू नका, 'रंगवून झालं का?' एवढंच विचारा. फ्रेम उतरवल्या नाहीत, त्याने पत्नीचं मन दुखावलं असतं. पुढची कार्डं मात्र खोक्यातच राहिली. मित्राला नाही म्हणणं हा समुपदेशकाने गृहपाठ म्हणून दिला.

पहाटे जाग येण्याबद्दल मतभेद झाले. सतीश यांना साडेतीनला उठून रंगवायचं होतं. तसं केलं असतं तर प्रखर दिवा, टायमर, तक्ता, सगळंच पहाटे सुरू झालं असतं आणि शरीराला त्या वेळी उठायची सवय लागली असती. ठरलं असं: वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणाबाहेर यायचं, मंद उजेडात पाटीवर ओल्या ब्रशने नुसत्या पाण्याचे पट्टे ओढायचे. ते वाळून जातात, मागे काही उरत नाही, मोजायलाही काही नाही. काही रात्री उपयोग झाला, काही रात्री नाही. तो प्रश्न पुढे बराचसा कॉफी आणि झोपेच्या वेळा बांधून घेतल्याने सुटला, असा आमचा अंदाज आहे.

परिणाम

आठव्या आठवड्यात गुण १० झाले. औषध सुरू केलं नाही. दहाव्या आठवड्यात कामावरची त्यांची एक सुटलेली चूक दुसऱ्याने पकडली. पाच दिवस ब्रश उचलला नाही, ईमेल पुन्हा सहा-सहा वेळा वाचले गेले, गुण १३ वर गेले. परत सुरुवात केली ती एका रंगापासून, बारा मिनिटांपासून, जणू पहिला आठवडा असल्यासारखी. चौदाव्या आठवड्याला ७ आणि सहा महिन्यांनी ६. ईमेल आता एकदा, फार तर दोनदा वाचतात.

यातलं किती चित्रकलेमुळे आणि किती सीबीटीमुळे, हे सुटं करता येत नाही. बैठकीपुरतं पाहिलं तर बहुतेक दिवशी ताण दोन अंकांनी उतरायचा. उतरला नाही ते दिवस प्रामुख्याने टायमर मोडलेले किंवा कोणाला तरी दाखवायचं ठरलेले होते. पण बैठकीनंतर वाटणारा हलकेपणा तासाभरात ओसरायचा. टिकला तो दुसरा फरक: पुसावंसं वाटण्याची तीव्रता अर्ध्यावर यायला सुरुवातीला सहा-सात मिनिटं लागत, शेवटी दोन. ईमेल पाठवल्यावर तो पुन्हा उघडावासा वाटतो तेव्हा आपण हेच करतो, असं त्यांनी आपण होऊन सांगितलं: हात मांडीवर, दहापैकी किती, थांबायचं.

सहा महिन्यांनी ते आठवड्यातून दोनदा रंगवत होते, एखाद्या आठवड्यात अजिबात नाही. तिसरा रंग, यलो ऑकर, त्यांनी स्वतःच आणला होता.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच भेटीत 'आधी काही करून पाहिलं आहे का' असं विचारायला हवं होतं. तो ॲक्रिलिकचा कॅनव्हास तेव्हाच समोर आला असता तर मंडलांचे दोन आठवडे वाचले असते. तिथे सरासरी माणसासाठीचा पुरावा समोरच्या माणसाआधी पाहिला गेला.

घरच्यांशी सातव्या आठवड्यात बोललो ते पहिल्या आठवड्यात बोलायला हवं होतं. टाळाटाळीचा धोकाही आधीच सांगता आला असता, 'आधी पाठवा, मग रंगवा' हा नियम पहिल्या दिवसापासून असता. आणि औषधासाठीचा गुणांचा आकडा चौथ्या आठवड्यात ठरवणं उशिराचं होतं. गुण १६ असताना तो पहिल्या दिवशीच लिहून ठेवायला हवा.

ताण ० ते १० मध्ये मोजणं हाही वादाचा मुद्दा राहिला. सतीश कधीकधी '६.५' लिहीत आणि ते ६ होतं की ७ यावर दोन मिनिटं घालवत. अशा व्यक्तीला 'कमी, मध्यम, जास्त' एवढ्या तीनच चौकटी दिल्या असत्या तर बरं झालं असतं. उलट, आकडे नसते तर सतीश आलेच नसते, असं समुपदेशकाचं मत आहे. पुढच्या अशा प्रकरणात पहिले तीन आठवडे चौकटी आणि आकडे नंतर, असं करून पाहायचं ठरलं आहे.

'तुमची चिंता रंगवा' हे अखेरपर्यंत केलं नाही. बाराव्या आठवड्यात विचारलं होतं, तेव्हा सतीश यांनी कागद भिजवला, चकाकी तपासली आणि म्हणाले, "आज नुसता निळाच करू का?" त्यांनी निळाच केला.